परदेशातून आणलेली आणि अजून घरात नांदणारी वस्तू

हरिपूरकर (धागाकर्ता)

परदेशातून येताना काय आणायचं याची आपल्याकडे आता ठरलेली यादी झाली आहे. फ्रिजवर चिकटवायचं मॅग्नेट, ड्युटी फ्रीमधलं तिकोनी चॉकलेट, गावाचं नाव छापलेला टी-शर्ट आणि कीचेन. चॉकलेट आठवड्यात संपतं, टी-शर्टचं फडकं होतं, कीचेन भाच्याच्या स्कूटीला लागते. या धाग्यात त्या चौघांना प्रवेश नाही.

प्रश्न असा आहे : तुम्ही किंवा घरातल्या कुणी परदेशातून आणलेली कोणती वस्तू अजून घरात नांदते आहे? शोकेसमध्ये धूळ खात नव्हे. वापरात, किंवा निदान बोलण्यात.

सुरुवात मीच करतो. मुलगी जर्मनीत शिकत होती तेव्हा डिसेंबरात तिच्याकडे गेलो होतो. न्यूरेंबर्गच्या हाउप्टमार्क्ट चौकात नाताळचा बाजार भरतो. तिथे गरम मसालेदार वाइन मिळते, आणि आमच्यासारख्या माळकऱ्यांसाठी फळांच्या रसाचं गरम पेय. ते चिनी मातीच्या कपात देतात. कपाची अनामत आधीच बिलात धरलेली असते. कप परत केला की अनामत परत, नाही केला तर कप तुमचा. चोरी नाही, उसनवारी नाही, रीतसर व्यवहार! बायकोने दोन मिनिटांत हिशोब केला की शेजारच्या भेटवस्तूंच्या दुकानातल्या कपापेक्षा हा निम्म्यात पडतो, आणि वर त्यावर गावाचं चित्र आणि साल आहे. घेऊन आलो.

आता रोज रात्री मी त्यात हळद-दूध पितो. हळद अर्थातच सांगलीची, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. कपाच्या आतल्या ग्लेझला बारीक तडे गेलेत आणि त्या तड्यांत हळद उतरून पिवळी जाळी तयार झाली आहे. भांडी घासणाऱ्या मावशींनी लिंबू, सोडा, राख सगळं करून पाहिलं. जाळी जात नाही. मला ती आवडते.

येऊ द्या तुमचं.

मोतीचौक

हरिपूरकर काका, धागा झकास. कप बघायला आवडेल, फोटो टाका.

माझ्याकडून व्हिएतनामचा फिन. कॉफी गाळायचं तिथलं भांडं. खाली भोकांची चकती, वर पेला, पेल्यात कॉफी, कॉफीवर दाबायला आणखी एक चकती आणि झाकण. हा सगळा संसार ग्लासवर ठेवायचा, गरम पाणी ओतायचं आणि गप्प बसायचं. थेंब थेंब कॉफी खाली पडते. ग्लासात आधीच कंडेन्स्ड मिल्क घातलेलं असतं. हनोईत पदपथावरच्या बुटक्या स्टुलावर बसून पहिल्यांदा प्यालो तेव्हा वाटलं, यांना घाई म्हणून नाहीच. चार-पाच मिनिटं तरी जातात.

तिथल्या बाजारात ॲल्युमिनियमचे आणि स्टीलचे असे दोन्ही मिळतात. मी स्टीलचा घेतला. कागद लागत नाही, वीज लागत नाही, तुटण्यासारखं काही नाही. साताऱ्यात लाइट गेली तरी कॉफी चालू. तिथे बहुतेक रोबस्टा पितात, कडक आणि कडू. आपली दक्षिणेकडची चिकोरीवाली पावडर घातली तर फार बारीक असल्याने चकतीतून खाली उतरते किंवा भोकं तरी बुजतात. जाडसर दळून मागवा.

वडील म्हणतात, एवढ्या वेळात मी राजवाड्यावर जाऊन चहा पिऊन आलो असतो. ते खरंही आहे.

मिरज जंक्शन

चॉकलेटला बंदी हा अन्याय आहे. जाहीर निषेध.

आमच्या घरात चॉकलेट हीच एक वस्तू सगळ्यांपर्यंत पोहोचते. कपाला हळद लावून काका एकटे पिणार, इथे चाळीस घरांत वाटायचं असतं. बाकी चालू द्या.

हरिपूरकर

निषेध नोंदवला. बंदी कायम.

तासगावचा द्राक्षवाला

आम्ही गावातल्या बागायतदारांनी मिळून युरोपची सहल केली होती. टूरवाल्याने ल्युसर्नमध्ये बस थांबवली आणि सांगितलं, दीड तास शॉपिंग. सगळी मंडळी घड्याळाच्या आणि चाकूच्या दुकानात घुसली. मी मॅनेजरला म्हटलं, मला शेतीची अवजारं कुठं मिळतील ते सांग. तो माझ्याकडं बघतच राहिला.

मला पाहिजे होती फेल्कोची सिकेटर. स्विस कंपनी, १९४५ पासूनची, लाल मुठीची कात्री जगभरातल्या द्राक्षबागांत चालते. आपल्याकडं पण मिळते, पण मला पाहिजे होती ती डावऱ्या हाताची. कारभारीण डावरी आहे. तिला आयुष्यभर उजव्या हाताच्या कात्रीनं छाटणी करावी लागली. उजव्याची कात्री डाव्या हातात धरली की पातं उलट्या बाजूला येतं, काप कुठं बसतोय ते नीट दिसत नाही आणि काडीवर नको तिथं दाब पडून ती चेचती. खरड छाटणीत एक-दोन डोळे ठेवून सगळ्या काड्या मागं घ्यायच्या असतात, दिवसाला हजारो काप. संध्याकाळी तिच्या अंगठ्याखाली फोड यायचा तो उगीच नाही.

स्टेशनामागं बागकामाच्या दुकानात मिळाली. भाषा येत नव्हती. डावा हात वर करून दाखवला, दुकानदारीण हसली आणि आतून डबी घेऊन आली.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचं पातं, स्प्रिंग, नट सगळं सुटं मिळतं. आमचं पातं बदलून झालंय, मूठ तीच. एप्रिलची आणि ऑक्टोबरची, दोन्ही छाटण्या तीच करती. कात्री टोळीतल्या कुणाला द्यायची नाही ही सक्त ताकीद आहे, आणि मला तर नाहीच नाही. सामानात मात्र चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ठेवली तर विमानतळावर काढून घेतील.

वाईची लेक

तासगावकर दादा, धाग्यातली सगळ्यात भारी वस्तू. वहिनींना नमस्कार सांगा.

मी वस्तू जवळजवळ आणतच नाही. स्वतःलाच पोस्टकार्ड पाठवते. जिथे जाईन तिथून घरच्या पत्त्यावर, आईच्या नावाने. युंगफ्राऊयोखला वर बर्फात पोस्टाची पेटी आहे, तिथूनही टाकलं होतं. मी घरी येऊन कपडे धुऊन, फोटो दाखवून, ऑफिसात रुळून गेल्यावर कधीतरी पोस्टमन ते घेऊन येतो. आई चष्मा लावून मोठ्यानं वाचते, जणू मी अजून तिकडेच आहे.

भूतानला गेलात तर थिंफूच्या पोस्टात स्वतःचा फोटो असलेली तिकिटं छापून मिळतात आणि ती चालतातही. पोस्टाच्या तिकिटांच्या बाबतीत हा चिमुकला देश भलताच हौशी आहे. १९७२ साली त्यांनी चक्क ग्रामोफोनवर वाजणारी तिकिटं काढली होती, छोट्या तबकड्याच. माझ्याकडे ती नाहीत, असती तर इथे मिरवली असती. आईच्या आणि माझ्या फोटोचं तिकीट मात्र आहे. आईचं म्हणणं, भूतानच्या राजानंतर मीच.

विश्रामबाग

जपानी सुरी. ओसाकाजवळ साकाई म्हणून गाव आहे, तिथे सुऱ्या बनवायची शेकडो वर्षांची परंपरा आहे. एक जण पातं घडवतो, दुसरा धार लावतो, तिसरा मूठ बसवतो. मी कार्बन स्टीलची घेतली कारण दुकानदार म्हणाला धार हिलाच येते. टोमॅटोवर नुसती टेकवली तरी आत जाते, खरंच.

घरी आणल्यावर आईने तिच्यावर लिंबू चिरलं आणि सुरी तशीच ओट्यावर ठेवून मालिका बघायला गेली. रात्रीतून पात्यावर तपकिरी ठिपके. कार्बन स्टीलला ओलं आणि आंबट दोन्ही चालत नाही, वापरल्या वापरल्या पुसायची असते. पाणदगडावर घासून डाग काढले, आईला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि खालच्या कप्प्यातून विळी काढली. "हिला पुसायला लागत नाही."

तर सुरी आता फक्त मी वापरतो, रविवारी. भाजी बारीक चिरून देतो, बाकीचे सहा दिवस विळीचं राज्य. नांदते आहे म्हणायचं की माहेरपणाला येते म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

मिरज जंक्शन

मेन्यूत सुरी, कात्री, कप, कॉफी. अजून कुणाच्या डोक्यात चॉकलेट नाही का?

पणतू

आमच्या घरातली वस्तू पणजोबांनी आणली. त्यांचा परदेश प्रवास सरकारी खर्चाने झाला. अपशिंगे मिलिटरी हे आमचं गाव. पहिल्या महायुद्धात गावातल्या ४६ जणांचे प्राण गेले, तसा दगड गावात आहे. पणजोबा दुसऱ्या महायुद्धातले, मराठा रेजिमेंटमधून इटलीत लढले.

तिथून त्यांनी आणलेल्या गोष्टींपैकी आज एकच उरली आहे. दहा लिरांची एक नोट. ही इटलीची साधी नोट नव्हे. दोस्त सैन्याने जिंकलेल्या भागात चालवण्यासाठी अमेरिकेत छापलेलं लष्करी चलन. पुढच्या बाजूला इंग्रजीत 'इटलीमध्ये प्रसृत' अशा अर्थाचा मजकूर आणि १९४३ची मालिका. मागच्या बाजूला चार ओळी, त्याही इंग्रजीत : भाषणाचं स्वातंत्र्य, धर्माचं स्वातंत्र्य, अभावापासून मुक्ती, भयापासून मुक्ती. रूझवेल्टने १९४१ सालच्या भाषणात सांगितलेली तीच चार.

पणजोबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. नोट हरिविजयाच्या पोथीत ठेवलेली असायची, कुठल्या अध्यायात ते आजी अचूक सांगायची. पाच-सहा घड्या पडून ती मधोमध विरली आहे. मी आता प्लास्टिकच्या पाकिटात घातली, तर चुलते म्हणाले पोथीतच ठेव, तिची जागा आहे ती.

शाहूपुरी

पणतू, अंगावर काटा आला. शिवाय सालं बघा. पणजोबा ती नोट खिशात घालून इटलीत होते तेव्हा इकडे सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं, १९४३ ते १९४६. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भागही साताऱ्यातच होता. घरचा माणूस साहेबाच्या फौजेत आणि गावची पोरं साहेबाच्या विरोधात भूमिगत, अशी कितीतरी घरं होती आपल्याकडे. नोटेवरच्या चार ओळी तेव्हा साताऱ्यात कुणी वाचून दाखवल्या असत्या तर मजा आली असती.

आता उलट्या दिशेची एक वस्तू. सगळे परदेशातून इकडे आणलेलं सांगताहेत, मी इथून तिकडे गेलेलं सांगतो. साताऱ्याचा सगळ्यात गाजलेला पाहुणा म्हणजे जेम्स ग्रँट डफ. १८१८ ते १८२२ इथे रेसिडेंट, म्हणजे दरबारात इंग्रजांचा प्रतिनिधी होता. पुढे १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. परत स्कॉटलंडला जाताना त्याने काय नेलं? वाघनखं. त्याच्या वंशजाकडून ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे गेली. तीच जुलै २०२४ मध्ये काही काळासाठी आपल्याकडे आली आणि पहिलं प्रदर्शन आपल्या साताऱ्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लागलं.

मी पोराला घेऊन गेलो होतो. काचेमागे बघितलं तर अपेक्षेपेक्षा लहान. पोलादी पट्टी, तिच्यावर वाकडी नखं, बोटं घालायला दोन कड्या. पोरगं म्हणालं, बाबा हे तर माझ्या हातातही बसेल.

कराडचा कृष्णाकाठ

पण ती महाराजांचीच का यावर वाद आहे ना? लंडनच्या संग्रहालयानेच लिहून ठेवलंय की अफझलखानाच्या वेळी वापरलेली वाघनखं हीच, हे सिद्ध करता येत नाही.

शाहूपुरी

बरोबर. ती नखं ठेवायच्या डबीवरच्या मजकुरात तसा दावा आहे आणि तो ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेला आहे. पेशव्यांच्या प्रधानाने त्याला ती दिली असंही त्यात लिहिलं आहे. पण परदेशातून आणलेल्या वस्तूबरोबर एक गोष्ट येतेच, आणि ती सांगणारा नेहमी वस्तूचा मालकच असतो. ग्रँट डफच्या घरीही पाहुण्यांना कौतुकाने दाखवलं जात असणार, बघा हं, आमच्या पूर्वजांनी साताऱ्याहून आणलंय.

संपादक

इतिहासाचा वाद इथेच थांबवूया, त्यासाठी वेगळे धागे आहेत. विषय परदेशी वस्तूंचा.

कराडचा कृष्णाकाठ

ठीक. मग विषयावरचा प्रश्न. ॲमस्टरडॅमला ट्युलिपचे कंद बाजारात ढिगाने मिळतात, बायकोला आणायचे होते. आणले तर चालतात का?

तासगावचा द्राक्षवाला

असे खिशात घालून नाही. कंद, बी, रोप, माती काहीही आणायचं तर तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र आणि इकडची परवानगी लागते. नियम जाचक वाटतो पण त्याला कारण आहे. मातीच्या ढेकळाबरोबर सूत्रकृमी किंवा बुरशी आली तर आमच्यासारख्यांच्या बागा जातात. आणि आणून करणार काय? ट्युलिपच्या कंदाला फुटण्याआधी तीनेक महिने कडक थंडी लागती. कराडात कुठली आणणार? फ्रिजमध्ये वांग्याशेजारी ठेवाल तेवढीच.

लाकडाचे रंगवलेले ट्युलिप तिथं मिळतात, ते आणा. पाणी घालायला लागत नाही.

वाईची लेक

आणि मालदीवला जाणाऱ्यांनी प्रवाळाचे तुकडे उचलू नका. तिथून प्रवाळ बाहेर न्यायला बंदी आहे. किनाऱ्यावर पडलेलं होतं हो, हे कारण चालत नाही.

मोतीचौक

एक निरीक्षण. अजून कुणी महागडी वस्तू सांगितली नाही. आमच्या शेजाऱ्यांनी परदेशातून मोठा काचेचा फुलदाणीवजा प्रकार आणला, इतका महाग की कुणाला हात लावू देत नाहीत. त्याच्यावर पांढरा कपडा असतो. पाहुणे आले की कपडा निघतो, गेले की परत. नांदते आहे म्हणण्यापेक्षा घुंघटात आहे म्हणायचं.

हरिपूरकर

मोतीचौक, खरंय. मला वाटतं किमतीपेक्षा तिथला माणूस ती वस्तू स्वतः वापरतो का, हे बघावं. कप तिथले लोकही बाजारातून घरी नेतात, फिनवर तिथली म्हातारी माणसं कॉफी पितात, कात्रीने तिथला माळी छाटतो. फक्त पाहुण्यांसाठी बनवलेली वस्तू घरी आली की पाहुण्यासारखीच राहते. आणि खाली बारीक अक्षरांत कुठे बनली ते वाचावं. पॅरिसचा मनोरा बऱ्याचदा पॅरिसच्या कितीतरी पूर्वेला बनलेला असतो.

विश्रामबाग

अपवाद आहे काका. रशियन बाहुल्या, एकात एक बसणाऱ्या. त्या १८९०च्या दशकात पहिल्यांदा बनल्या आणि पर्यटकांच्या जिवावरच वाढल्या. माझ्या आत्याने सोव्हिएत काळात आणलेल्या अजून आहेत. लिंडनच्या लाकडाच्या, सगळ्यात आतली अखंड, ती आधी बनवतात आणि मग बाहेरच्या तिच्या मापाने. आत्याच्या नातीने सगळ्यात छोटी हरवली. तिच्या जागी सध्या सांगलीचा बेदाणा ठेवतात.

तासगावचा द्राक्षवाला

बेदाण्यावरनं आठवलं. तुर्कस्तानला इझमीर आणि मनिसाकडं गेलो होतो तिथून मी बेदाणे आणले. घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं. तासगावात बेदाणे आणायचे म्हणजे कोल्हापुरात गूळ न्यायचा.

पण मला दाखवायचे होते. त्यांची सुलताना आणि आपली थॉमसन सीडलेस ही मुळात एकच जात, आणि आपली तास-ए-गणेश त्यातूनच निवडलेली. द्राक्ष एक, बेदाणा मात्र वेगळा. ते पोटॅशच्या पाण्यात ऑलिव्हचं तेल घालून घड बुडवतात आणि उघड्यावर उन्हात जमिनीवर पसरतात. आपण पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवतो आणि शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवतो. म्हणून आपला हिरवट पिवळा राहतो, त्यांचा तांबूस सोनेरी होतो. चवीला त्यांचा गोड जास्त, आपला जरा आंबटगोड. हंगाम पण उलटा. त्यांचा ऑगस्ट-सप्टेंबर, आपला फेब्रुवारी ते एप्रिल.

सौद्याला आलेल्या व्यापाऱ्यांना मी दोन वाट्या पुढं ठेवायचो आणि ओळखा म्हणायचो. एकजण म्हणाला, हा तांबूस माल पावसात भिजलेला दिसतोय, भाव पाडून मिळेल का?

मिरज जंक्शन

=)) =))

खाण्याची वस्तू चालली म्हणायची. मग चॉकलेटला का नाही?

हरिपूरकर

तुम्ही चॉकलेटवरून व्यापाऱ्याला फसवून दाखवा, मग बघू.

कराडचा कृष्णाकाठ

योगायोग बघा, ट्युलिप बारगळले आणि आमचं इस्तंबूलचं ठरलं, पुढच्या महिन्यात. निळ्या डोळ्याचे काचेचे मणी सगळे आणतात, दृष्ट लागू नये म्हणून. ते सोडून काय आणू?

मोतीचौक

कमरेत बारीक असलेले त्यांचे चहाचे ग्लास. हाताला चटका बसत नाही कारण वरच्या कडेला धरायचे असतात. कपड्यांत गुंडाळून आणा, मोज्यांत एकेक ग्लास बसतो.

वाईची लेक

मणी आणाच. आमच्या इथे एकाने ट्रॅक्टरला बांधलाय, लिंबू-मिरचीच्या शेजारी. दोन्ही देशांचा बंदोबस्त.

तासगावचा द्राक्षवाला

कराडकर, जमलं तर बाजारातून किलोभर सुलताना घेऊन या. माझे संपले आणि या हंगामात सौद्याला नवीन व्यापारी येणार आहेत. पैसे आल्यावर देतो, किंवा तेवढेच आमचे घ्या. पुडीवर मनिसाचं नाव बघून घ्या, नाहीतर तिथला दुकानदार तुम्हाला इराणचे देईल.